चढावरची टकटक : बी.बी. बदलली तरी आवाज जात नाही तेव्हा

गेल्या तीन रविवारी तीन वेगवेगळ्या जणांनी मला एकच गोष्ट विचारली. "ताई, सपाटीला काही नाही, पण चढाला लागलं की खालून टक्-टक् सुरू होतं. दुकानात बी.बी. बदलायला सांगितलीय. बदलू का?" बी.बी. म्हणजे बॉटम ब्रॅकेट, सायकलच्या फ्रेमच्या तळाची बेअरिंग, जिच्यावर पायडलचे दांडे म्हणजे क्रँक फिरतात. तिघांनाही मी म्हटलं, आत्ता नको, आधी एक संध्याकाळ सायकलजवळ बस. ती संध्याकाळ नेमकी कशी घालवायची हे चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझ्या सायकलीवर हा आवाज दोन वर्षांत तीनदा आला. तिन्ही वेळा तो ऐकू एकाच ठिकाणाहून आला आणि तिन्ही वेळा कारण वेगळ्याच ठिकाणी निघालं.

सायकल कशी आहे तेही सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा (फोर्क), रिम ब्रेक, पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं, मागे ११ ते ३२ दात्यांची, क्विक रिलीजची म्हणजे लिव्हर उघडून काढता येणारी चाकं, आणि बेअरिंगचे कप फ्रेमच्या बाहेर असलेली बॉटम ब्रॅकेट. पुण्यात सिंहगड, कात्रज, बोपदेव हे चढ करणाऱ्या पुष्कळ जणांकडे साधारण असाच संच असतो.

पहिल्यांदा काय झालं

नवरात्रातली सकाळ होती. सिंहगडाच्या पायथ्याचा गोळेवाडीचा नाका मागे टाकला, पहिल्या खड्या वळणावर पुढच्या छोट्या, ३४ च्या चक्रावर आले आणि उजवा पाय खाली गेला की टक्. परत खाली, परत टक्. गडाचा चढ सुमारे ९ किलोमीटरचा. संपूर्ण चढभर ती टकटक माझ्याबरोबर आली. वर पोचेपर्यंत पायांपेक्षा डोकं जास्त थकलं होतं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना माहीत आहे, दमछाक सोसवते पण आपली सायकल आतून काहीतरी सांगतेय आणि आपल्याला कळत नाहीये, हे सोसवत नाही.

त्याच आठवड्यात दुकानात नेली. त्यांनी पायडल दाबून पाहिलं, कान दिला, "बी.बी. गेली" म्हणाले. नवीन बसवली. पुढचे दोन रविवार एकदम शांत. मी खूश. तिसऱ्या रविवारी बोपदेव घाटात अर्ध्यावर आवाज परत हजर.

या "दोन रविवार शांत" मध्येच सगळी फसगत आहे, म्हणून तिथे जरा थांबते. बी.बी. बदलताना नुसती बी.बी. बदलली जात नाही. क्रँक निघतो, पुसला जातो, नव्या ग्रीसने बसतो. सायकल स्टँडवर चढते, बहुतेक वेळा मागचं चाक काढून धुतलं जातं आणि नीट आवळून परत बसवलं जातं. म्हणजे एका कामात पाच-सहा सांधे साफ होतात. आवाज त्यातल्या कुठल्याही एकामुळे जातो आणि श्रेय मिळतं नव्या पार्टला. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्यालाही तसंच वाटलं, मलाही तसंच वाटलं. खरा दोष होता तिथेच राहिला आणि पंधरा दिवसांत परत बोलू लागला.

आमच्यात एक काका आहेत. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, निवृत्त झाल्यावर सायकल हाती घेतली. गडावर गाड्या लावतात तिथे त्यांनी मला सायकल धरून उभं केलं. म्हणाले, "अगं, आवाज ऐकत बसू नकोस. कान फसवतो. हात लाव." मी दोन्ही ब्रेक दाबून, उजवा क्रँक आडवा पुढे ठेवून पायडलवर वजन टाकायचे आणि ते नुसती बोटांची टोकं एकेका सांध्यावर ठेवायचे. बी.बी.च्या कपावर बोटं ठेवली, मी दाबलं, टक् ऐकू आलं. काकांनी मान हलवली. सीट जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे ठेवली, मान हलवली. मागच्या चाकाजवळ, जिथे एक्सल फ्रेमच्या खाचेत बसतो तिथे ठेवली. मी दाबलं आणि ते लगेच म्हणाले, "हे बघ, इथे टोचतंय."

त्यांच्या बोटांच्या जागी मी माझी बोटं ठेवली. खरंच टोचत होतं. आवाज पायाखालून येत होता आणि टोचा मागच्या खाचेत जाणवत होता.

काकांनी क्विक रिलीज उघडलं, चाक खाली काढलं आणि फ्रेमच्या खाचेची आतली बाजू दाखवली. काजळासारखी काळपट पेस्ट साचलेली, आणि तिच्या मधोमध एक छोटा ठिपका मात्र नव्या नाण्यासारखा लखलखीत. म्हणाले, "जिथे लखलखतंय तिथे घासतंय." रुमालाने पुसलं, चाक परत बसवलं, लिव्हर इतकी घट्ट मिटली की माझ्या तळहातावर तिची खूण उमटली. उतरून परत गोळेवाडीपासून थोडा चढ चढून पाहिला. आवाज निम्म्याहून कमी झाला होता. उरलेला निम्मा घरी गेल्यावर सापडला. गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर दोन बारीक बोल्टांनी फ्रेमला धरलेला असतो. त्यातला एक बोल्ट ॲलन की नुसती लावताच फिरला, जोर लावावाच लागला नाही. हँगर काढला तर मागे बारीक वाळू. खडकवासल्याच्या बाजूच्या रस्त्यांवर पावसाळाभर जो रेंदा उडतो, तो वाळून तिथे बसला होता.

आवाज खालीच का ऐकू येतो

तंबोऱ्याची तार बोलते घोडीवर, जवारीपाशी. पण नाद येतो भोपळ्यातून. सायकलच्या फ्रेमचंही तसंच आहे. नळ्या आतून पोकळ आणि त्यांतल्या मोठ्या नळ्या एकत्र येतात बी.बी.च्या डब्यात. कुठल्याही सांध्यावरची टकटक नळ्यांतून फिरून तिथे मोठी होते, आणि आपला पायही तिथेच असतो. म्हणून प्रत्येकाला ती बी.बी.च वाटते.

मला वाटतं जुन्या सवयीचाही यात भाग आहे. वडिलांच्या काळ्या सायकलीला कॉटर पिन होती. ती सैल झाली की दर फेरीला पायाखाली गचका बसायचा आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला हातोडीचे दोन ठोके देऊन ती बसवून द्यायचा. तिथे आवाज आणि दोष एकाच जागी असायचे. आजच्या क्रँकला कॉटर नाही, पण पायाखाली वाजलं म्हणजे क्रँकच, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय.

प्रत्यक्षात होतं असं. दोन धातू एकमेकांना दाबून बसलेले असतात. जोर वाढला की ते सरकू पाहतात, घर्षण त्यांना धरून ठेवतं, आणि एका क्षणी ते केसभर सुटतात. तोच टक्. म्हणून सपाटीला आवाज नाही, चढाला आहे. उपाय दोनच, एक तर सांधा सरकणारच नाही इतका योग्य आवळायचा, किंवा मधे स्वच्छ ग्रीसचा पातळ थर द्यायचा, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही.

पुण्यात हा आवाज नवरात्राच्या सुमारास का उसळतो, तेही यातून कळतं. जून ते सप्टेंबर पाऊस आणि चिखल सांध्यांतलं ग्रीस हळूहळू धुऊन नेतात, पण ओलावा असतो तोवर फारसं वाजत नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं कोरडं होतं, माती आत तशीच राहते आणि मग वाजायला लागतं. त्यात स्कूटरच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन जोरदार फवाऱ्याने सायकल धुतली असेल तर पाणी थेट बेअरिंगमध्ये ढकललं जातं. ते करू नका. बादली, साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि फडकं एवढं पुरे.

हत्याराला हात लावण्याआधी

माझ्या घराजवळ तळजाईचा चढ आहे, मी चाचणीला तोच वापरते. तुम्हीही एक ठरलेला चढ धरा. रस्ता तोच, गिअर तोच, जोर साधारण तोच. नाहीतर आज आवाज गेला की रस्ता बदलला म्हणून कमी वाटला, हे कळत नाही. गाड्यांची गर्दी नसेल अशा वेळी जा, कारण लक्ष आवाजाकडे असतं.

आधी पायडल मारणं थांबवून सायकल नुसती घरंगळू द्या. तरीही आवाज येत असेल तर तो चाकाचा आहे. स्पोक, टायरमध्ये रुतलेली खडी, रिममध्ये हलणारा व्हॉल्व्ह, चकचकीत रिफ्लेक्टर, यांतलं काहीतरी. पायडल थांबताच आवाज थांबत असेल तर पुढे वाचा.

मग मोजा. दर फेरीला एकदा, ठरावीक पायाला वाजत असेल तर पायडल, क्रँक, चेनरिंगचे म्हणजे पुढच्या चक्रांचे बोल्ट, सीट किंवा मागचं चाक. दर तीन-सव्वातीन फेऱ्यांनी वाजत असेल तर चेनमधली एखादी कडी आखडली आहे. हिशेब सोपा आहे, चेनमध्ये साधारण ११० कड्या आणि पुढच्या चक्राला ३४ दाते, म्हणजे तीच कडी सव्वातीन फेऱ्यांनी परत वर येते. अशा वेळी चेन हाताने उलटी फिरवून मागच्या डिरेलरच्या छोट्या चक्रांकडे बघा. आखडलेली कडी तिथून जाताना उडी मारते.

मग सीटवरून उठून उभं राहून चढा. आवाज गेला तर तो सीटच्या भागातला. उभं राहिल्यावरच येत असेल आणि बसल्यावर जात असेल तर हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), हेडसेट (हँडल वळतं ती बेअरिंग), किंवा चाकाचे स्पोक. दोन्ही वेळा सारखाच असेल तर पायडलपासून मागच्या चाकापर्यंतची रांग.

आणि हे सगळं करण्याआधी, कृपा करून, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट बघा. फ्रेमच्या बॅगेचा पट्टा, बुटाच्या लेसचं टोक, क्रँकला घासणारं केबलचं टोक बघा. आमच्यातल्या एकाने महिनाभर जो आवाज शोधला तो बाटलीच्या पिंजऱ्याचा खालचा बोल्ट होता. अर्धा फेरा आवळल्यावर संपला.

उसनं घेऊन बघणं

गटाबरोबर सायकल चालवण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हा. संशय मागच्या चाकावर असेल तर मित्राचं मागचं चाक पाच मिनिटं आपल्या सायकलीला लावा. गिअर तितकेच आणि ब्रेकचा व एक्सलचा प्रकार एकच असायला हवा. आवाज गेला तर चाक, कॅसेट (मागच्या गिअरच्या चक्रांचा संच) किंवा त्याचं क्विक रिलीज. राहिला तर फ्रेमकडचा भाग. पायडलचंही तसंच, सीटपोस्ट म्हणजे सीटचा दांडा एकाच जाडीचा असेल तर त्याचंही. हजार-दोन हजारांचा पार्ट विकत घेण्याआधी तो उसना लावून बघता येतो, आणि सायकलवाले नाही म्हणत नाहीत. मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही.

एकच नियम कडक पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच चढावर जाऊन या. एका संध्याकाळी उत्साहाने सगळं उघडलं, सगळ्याला ग्रीस लावलं आणि आवाज गेला, तर तो का गेला हे कळत नाही. पुढच्या नवरात्रात परत पहिल्यापासून. मी एका छोट्या वहीत तारीख आणि काय केलं ते लिहिते. तिसऱ्या वेळी कारण अर्ध्या तासात सापडलं ते त्या वहीमुळे.

सीट आणि सीटपोस्ट

दुसऱ्या वर्षी माझा आवाज इथे निघाला. बसल्यावर येत होता, उभं राहिल्यावर नाही, म्हणून शोध सोपा होता. आधी सीटपोस्टवर फ्रेमच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे उंची बिघडणार नाही. मग तो पूर्ण बाहेर काढा. माझ्या पोस्टवर पांढरट बुरशीसारखा थर होता, तो ॲल्युमिनियमचा गंज. आतली नळीही काठीला फडकं गुंडाळून पुसली, पोस्टला पातळ ग्रीस लावलं, परत खुणेपर्यंत बसवलं. पोस्ट कार्बनचा असेल किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस लावू नका, त्यासाठी दाणेदार कार्बन पेस्ट मिळते. तिथे आवळण्याचा आकडा बहुधा पार्टवरच छापलेला असतो, बरेचदा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो ओलांडायचा नाही.

सीटच्या खालच्या दोन दांड्या ज्या पकडीत बसतात तिथेही माती शिरते. सीट सोडवून दांड्या आणि पकड पुसली की पुष्कळ आवाज तिथेच संपतात. वर्षातून दोनदा पोस्ट बाहेर काढायची सवय लावून घ्या. न काढता वर्षं गेली की पोस्ट फ्रेममध्ये असा चिकटतो की मग सायकल वाचवायची की पोस्ट, असा प्रश्न येतो.

पायडल

तिसऱ्यांदा डावं पायडल निघालं. एका पायाने चालवून पाहिल्यावर कळलं. डावा पाय खाली जाताना आवाज, उजव्याला नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सरळ असते तर चालवता चालवता पायडल आपोआप सुटत गेलं असतं. उलट-सुलटचा गोंधळ होऊ नये म्हणून काकांनी शिकवलेली खूण अशी, पाना पायडलच्या अक्षावरून वर उभा धरायचा. मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं, पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतं. दोन्ही बाजूंना हेच. १५ मिलिमीटरचा चपटा पाना किंवा आतून ६ वा ८ ची ॲलन की लागते.

काढल्यावर दोन्हीकडचे आटे फडक्याने पुसा, ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागताहेत. तिथे पाना लावून जोर केला तर क्रँकचे ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात आणि क्रँक बदलावा लागतो. शेवटी ३५ न्यूटन-मीटर तरी हवेत, म्हणजे चांगलं घट्ट. क्लीटचे (तळाची पट्टी पायडलमध्ये अडकते तसे) बूट वापरत असाल तर क्लीटचे बोल्टही बघा. ते सैल झाले की आवाज थेट पायडलसारखाच येतो.

मागचं चाक आणि हँगर

ज्यांनी बी.बी. बदलूनही आवाज गेला नाही, त्यांनी सरळ इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. चढाला चेन मागच्या चाकाची उजवी बाजू पुढे ओढते, एक्सल खाचेत केसभर सरकतो, आणि आवाज नळीतून पुढे येतो. चाक काढा. फ्रेमच्या खाचेच्या आतल्या-बाहेरच्या बाजू आणि हबचे टोकाचे नट चकचकीत पुसा. खाचेच्या बाजूंना बोटाने पुसटसं ग्रीस द्या. क्विक रिलीजची दांडी पुसा, लिव्हरच्या वळणाऱ्या भागात एक थेंब तेल. चाक लावताना सायकल उलटी ठेवू नका, जमिनीवर सरळ उभी करून लिव्हर मिटा, म्हणजे एक्सल खाचेत पूर्ण वरपर्यंत बसतो. लिव्हर अर्ध्यावर आल्यापासूनच जोर लागायला हवा. हलक्या वजनाची, वळणारा भाग उघडा असलेली क्विक रिलीजं जास्त वाजतात. वळणारा भाग आत झाकलेली, शिमानोच्या जुन्या पद्धतीची, वजनाला जड पण पकडीला चांगली.

मग हँगर. डिरेलर सोडवला की त्याचे बोल्ट दिसतात. काढा, मागची बाजू आणि फ्रेमवरची जागा दोन्ही पुसा, पातळ ग्रीस, बोल्टच्या आट्यांना निळ्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब. बोल्ट बारीक असतात, बेताने आवळा. परत बसवल्यावर गिअर नीट पडतात का ते एकदा बघून घ्या.

क्विक रिलीजऐवजी थ्रू ॲक्सल, म्हणजे आट्यांनी फ्रेममध्ये फिरवून बसवायची दांडी, असेल तर तोही बाहेर काढून, पुसून, आट्यांना आणि दांडीला ग्रीस लावून लिहिलेल्या आकड्याइतका आवळा.

उरलेलं भराभर

चेनरिंगचे चार-पाच बोल्ट एकेक करून काढा, पुसा, ग्रीस लावा आणि समोरासमोरचे आवळत जा. कॅसेटची रिंग सैल झाली तर दाते हाताने हलवता येतात. तिच्यावर बहुधा ४० न्यूटन-मीटर छापलेलं असतं आणि तिला खास पाना लागतो, तो नसेल तर दुकानात द्या. स्पोक जिथे एकमेकांना छेदतात तिथे एकेक थेंब तेल टाकून पुसून घ्या, आणि जोड्या मुठीत दाबून बघा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा मऊ लागली तर खड्ड्यांनी चाकाचा ताण बिघडलाय. रिम ब्रेकवाल्यांनी रिमवर आणि डिस्कवाल्यांनी रोटरवर तेलाचा शिंतोडाही जाऊ देऊ नये, ब्रेक लागणार नाही. याच कारणासाठी स्प्रेचा डबा घेऊन सगळीकडे फवारणं मला अजिबात मान्य नाही. आवाज दोन दिवस दबतो, माती आणखी चिकटते आणि शोध पुसला जातो.

हँडलकडचा संशय असेल तर पुढचा ब्रेक दाबून हँडल डावी-उजवीकडे आळीपाळीने ओढा, जागेवरच वाजेल. स्टेमचे बोल्ट काढून पुसून परत लावणं दहा मिनिटांचं काम.

आता बी.बी.

इथवर सगळं करून आवाज राहिला तर मग बी.बी.चा नंबर. चेन पुढच्या चक्रावरून खाली उतरवून क्रँक हाताने फिरवा. खरखर लागली, किंवा क्रँकची टोकं धरून बाजूला हलवल्यावर खुळखुळ जाणवली, तर बेअरिंग गेलेली असू शकते. गुळगुळीत फिरत असेल तर बेअरिंग चांगली आहे, वाजतोय तो तिचा कप किंवा क्रँकचा सांधा. तेव्हा नवीन घेऊ नका, आहे तीच काढून, आटे पुसून, ग्रीस लावून बसवा. बाहेरच्या कपांना ३५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये उजव्या कपाचे आटे उलटे असतात, पायडलच्या बरोबर विरुद्ध बाजूला. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, १२ ते १४ पर्यंत.

जुन्या चौकोनी टोकाच्या बी.बी.वर डावा क्रँक सैल झाला असेल तर त्याच क्षणी चालवणं थांबवा. सैल चालवलेल्या क्रँकचा चौकोन आतून गोल होतो आणि मग कितीही आवळला तरी धरत नाही. आटे नसलेली, दाबून बसवलेली बी.बी. असेल तर घरी खटपट करू नका. तिला काढायला-बसवायला योग्य हत्यार हवं, हातोडीने नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. फ्रेम स्वच्छ पुसून, दिवसाच्या उजेडात, वेल्डच्या कडा बघा. बी.बी.च्या डब्याभोवती, मागच्या दोन खालच्या नळ्यांवर, हेडसेटच्या खाली. क्रँकवर पायडलच्या भोकाजवळ. सीटच्या दांड्यांवर पकडीच्या कडेला. हँडलवर स्टेमच्या कडेला. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नख फिरवल्यावर अडकली, तर ती तडा असू शकते. ती सायकल घाटाच्या उतारावर न्यायची नाही, दाखवेपर्यंत घरात उभी राहू दे.

विचारायचं असेल तर एवढं सांगा. बसून वाजतो की उभं राहून, दर फेरीला किती वेळा, कुठल्या पायाला, घरंगळताना येतो का, आणि गेल्या महिन्यात सायकलीला काय काय केलं. रविवारी सकाळी सहाला मी तळजाईच्या चढाखाली असते. टॉर्क रेंच, १५ चा पाना आणि ग्रीसची डबी बॅगेत असते. काकाही येतात. तुम्ही फक्त पायडलवर दाबून उभं राहायचं, बोटं आम्ही ठेवतो.